मालवणचा किनारा आणि आपली शिदोरी

सहलीचा विषय निघाला की आपल्या घरांत आधी तीर्थक्षेत्रांची नावे येतात. पालिताणा, सम्मेदशिखर, श्रवणबेळगोळ, बाहुबली-कुंभोज. यात्रा नको असेल तर महाबळेश्वर, आणि मुलांचा आग्रह असेल तर थेट दुबई. मालवणचे नाव कोणी काढलेच, तर घरातील ज्येष्ठ स्त्री एकच प्रश्न विचारते, "तिथे आपण खाणार काय?" आणि विषय तिथेच संपतो. मासळीचा प्रदेश म्हणून आपण दक्षिण कोकणाकडे पाठ फिरवली आहे. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीच्या आपल्या पेढ्यांपासून घाट उतरला की चार-पाच तासांवर असलेला हा किनारा आपल्या कितीतरी कुटुंबांनी आजवर पाहिलेला नाही.

हा प्रश्न चुकीचा नाही. आहाराचा विचार करून घराबाहेर पडणे हा आपला संस्कार आहे. मात्र तो प्रश्न दारातच थांबला तर जे पाहण्यासारखे आहे तेही पाहायचे राहून जाते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात आपल्याला रुचेल, पटेल आणि विचारात पाडेल असे पुष्कळ आहे. ते साहित्यात आहे, लाकडात आणि कागदात आहे, रातांब्याच्या सालीत आहे, आणि नवल म्हणजे मासेमारांच्या वस्तीतही आहे. पर्यटन कंपन्यांच्या पत्रकात यातले फारच थोडे येते. म्हणून हा जिल्हा आपल्या नजरेने कसा पाहता येईल, याविषयी चार गोष्टी लिहीत आहे.

रत्नागिरीतून वेगळा होऊन १ मे १९८१ रोजी हा जिल्हा अस्तित्वात आला. देवगड, मालवण आणि वेंगुर्ला हे त्याचे सागरी तालुके. कोल्हापूरकडून येणाऱ्यास तीन वाटा आहेत. गगनबावड्याहून वैभववाडी, राधानगरीहून फोंडा घाटाने कणकवली, आणि आजऱ्याहून आंबोलीमार्गे सावंतवाडी. मुंबईकरांना कोकण रेल्वेने कणकवली, कुडाळ किंवा सावंतवाडी गाठता येते.

समुद्राचा चातुर्मास

जायचे केव्हा, याचे उत्तर समुद्रच देतो. पावसाळ्यात किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर शासनाची बंदी असते, कारण हा माशांच्या प्रजननाचा काळ. नौका किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून मगच नव्या हंगामाला सुरुवात होते. आपले साधू-साध्वी जीवविराधना टाळण्यासाठी चातुर्मासात एका ठिकाणी स्थिर राहतात. दोन्हींमागची कारणे अर्थातच वेगळी आहेत. तरीही वर्षातून काही काळ थांबले पाहिजे, सृष्टीला तिचे काम करू दिले पाहिजे, ही जाणीव या किनाऱ्यालाही आहे. तेव्हा आपला चातुर्मास आटोपला की कार्तिकी पौर्णिमेनंतर निघावे. तोवर समुद्र शांत झालेला असतो, हवा निवळलेली असते, आणि दशावताराच्या जत्रांचा हंगामही सुरू झालेला असतो.

मालवणच्या धक्क्यावरून होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाता येते. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर या किल्ल्याची पायाभरणी झाली. त्या वेळी पूजा झाली ती जागा किनाऱ्यावर 'मोरयाचा धोंडा' म्हणून आजही दाखवतात. बांधकामाची जबाबदारी हिरोजी इंदुलकरांवर होती. तटाच्या पायात चिरे बसवताना शिशाचा रस ओतल्याची नोंद बखरीतून येते. साडेतीनशे पावसाळे अंगावर घेऊन तट उभा आहे. आत राजाराम महाराजांच्या काळातील शिवराजेश्वराचे मंदिर आहे, आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. चहूबाजूंनी खारे पाणी असताना बेटाच्या पोटात गोडे पाणी मिळणे, हेच या जागेच्या निवडीचे मर्म. व्यापाऱ्याला हे लगेच कळेल. जागा घेताना आधी पाणी पाहावे, दिखाऊपणा नंतर. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत सिंधुदुर्ग आहे आणि याच जिल्ह्यातील विजयदुर्गही आहे.

जुन्या व्यापारवाटा

आपल्या समाजाचा या भागाशी काही संबंध नाही, असे मानण्याचे कारण नाही. विजयदुर्गाच्या खाडीतून आत गेले की खारेपाटण लागते. एकेकाळी गलबते इथवर येत आणि माल फोंडा घाटाने देशावर चढे. गावात जुने जैन मंदिर आहे. ब्रिटिश काळातील रत्नागिरी गॅझेटियरनेही त्याची नोंद घेतली होती. गोव्याकडे जाताना महामार्गावरून आपण खारेपाटण ओलांडून जातो. एकदा थांबून दर्शन घ्यावे.

या गावात शिलाहार राजांचे ताम्रपट सापडले, आणि त्यांतील मजकूर कोणत्याही पेढीवाल्याने वाचावा असा आहे. इसवी सन १००८ च्या रट्टराजाच्या ताम्रपटात, परदेशाहून येणाऱ्या जहाजामागे एक गद्याण सोने देवस्थानाला द्यावे, असे दानात नमूद आहे. दुसरा ताम्रपट १०९४ मधील, उत्तर कोकणच्या अनंतदेवाचा. त्यात बलिपत्तनच्या दुर्गश्रेष्ठीचा पुत्र भाभणश्रेष्ठी आणि त्याचा भाऊ धनामश्रेष्ठी यांना ठाणे, शूर्पारक, चेऊल यांसारख्या बंदरांत जकातीची माफी दिलेली आहे. 'श्रेष्ठी' म्हणजेच आपला 'शेठ'. हे बंधू कोणत्या धर्माचे होते हे इथे महत्त्वाचे नाही. राजाच्या दरबारी मंत्री असलेला माणूस व्यापारी कुळातला असू शकतो, आणि त्याला मिळालेली करसवलत तांब्यावर कोरून ठेवली जाते, हे नऊशे वर्षांपूर्वीचे चित्र मनोरंजक आहे. बँकेत आयुष्यभर सवलतीचे कागद तपासलेल्या माणसाला तर इतक्या टिकाऊ मंजुरीपत्राचा हेवाच वाटावा!

आंबोली घाट चढून वर गेले की आजरा येते. त्याचे जुने नाव आजुरिका. शिलाहार गंडरादित्याने येथे त्रिभुवनतिलक नावाचे जिनालय बांधले होते. त्याच जिनालयात, दुसऱ्या भोजाच्या कारकिर्दीत, इसवी सन १२०५ मध्ये सोमदेवांनी 'शब्दार्णवचंद्रिका' हा ग्रंथ पूर्ण केला. जैनेंद्र व्याकरणाच्या परंपरेतील ही महत्त्वाची टीका. घाटमाथ्यावर व्याकरणाचे अध्ययन चालले होते आणि पायथ्याशी खाडीत सोन्याच्या हिशेबाने जहाजे मोजली जात होती. आजऱ्याहून सावंतवाडीला उतरताना ही गोष्ट मनात असली म्हणजे घाटातील वळणे वेगळी वाटू लागतात.

खाणार काय?

आता मूळ प्रश्नाकडे. मालवणी स्वयंपाक म्हणजे मासळी हे समीकरण खानावळींच्या पाट्यांनी रूढ केले आहे. घरांतील रोजचा स्वयंपाक मात्र भात, नारळ आणि आमसूल यांवर उभा आहे. सोमवार, एकादशी, श्रावण असे शाकाहाराचे वारही येथे निष्ठेने पाळतात. त्यामुळे शाकाहारी पदार्थांची स्वतंत्र परंपरा आहे. आपली अडचण शाकाहाराची नसते, ती कांदा, लसूण, बटाटा आणि आल्याची असते.

यावर उपाय एकच. मोठ्या उपाहारगृहापेक्षा घरगुती निवास निवडावा आणि आदल्या दिवशीच सांगून ठेवावे, "काकी, जमिनीखालचे काही नको, आणि जेवण दिवस मावळायच्या आत." कोकणातील गृहिणी पथ्यपाण्याचे आणि व्रताचे सांगणे मनावर घेते. कारण विचारते, समजून घेते आणि मग नेमके तसेच करते. भांडी वेगळी हवी असतील तर तेही आधीच स्पष्ट सांगावे. संकोचाने अर्धवट सांगून मग ताटावर बसल्यावर नाक मुरडणे हे दोघांनाही त्रासाचे.

आपल्याला चालणारे पदार्थ पुष्कळ आहेत. घावन हे तांदळाच्या पिठाचे जाळीदार धिरडे. त्याचे पीठ आंबवावे लागत नाही, त्यामुळे शिळ्याचा प्रश्न येत नाही. आंबोळी आणि खापरोळी यांचे पीठ मात्र रात्रभर ठेवतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी विचारून घ्यावे. शिरवाळे हा येथील खास पदार्थ. उकडलेल्या तांदळाच्या पिठाच्या शेवया लाकडी साच्यातून दाबून काढतात आणि गुळाच्या, वेलचीच्या नारळी रसात बुडवून खातात. फेब्रुवारी-मार्चमध्ये ओल्या काजूगरांची उसळ, उन्हाळ्यात कोवळ्या फणसाची भाजी, काकडीच्या दिवसांत तवशाचे धोंडस. कांद्याशिवाय उसळ कशी लागेल, अशी शंका नको. ओले खोबरे, धणे, लाल मिरची आणि आमसूल एवढ्यावर ती उत्तम होते. सोलकढीत बहुधा लसूण ठेचून घालतात. न घालता करायला सांगितली तर चवीत फारसे उणे होत नाही. मालवणचा खाजा गुळात घोळवलेला असतो आणि त्यात आले असते. सुंठ घालून करून देणारा कोणी भेटला तर अवश्य घ्यावा.

कोकमाविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण आपल्यापैकी अनेकांच्या दुकानांत ते विक्रीला असते. रातांबा एप्रिल-मेमध्ये पिकतो. फळ फोडून बी बाजूला काढतात, साली उन्हात वाळवतात, पुन्हा त्याच फळाच्या रसात भिजवतात आणि पुन्हा वाळवतात. अशी पुटे चढत जातात तसा रंग लाल-जांभळ्यावरून जवळजवळ काळा होतो. मीठ घालून ठेवलेला रस म्हणजे आगळ, आणि बियांतून निघते ते कोकमतेल. पावसाची पहिली सर आली की हे सारे काम थांबते. म्हणजे वर्षाची कमाई महिना-दीड महिन्याच्या उन्हावर अवलंबून. वळीव लवकर आला तर अंगणातला माल वाया. हे पाहिले की किलोमागे पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करताना हात आखडतो.

आणखी एक. सूर्यास्त पाहण्यासाठी तारकर्लीच्या किंवा चिवल्याच्या किनाऱ्यावर गर्दी होते. अंधार पडला की ती सारी गर्दी जेवणाच्या ठिकाणांकडे धावते. आपण जेवून आलेलो असतो. वाळूवर प्रतिक्रमणाला बसावे इतकी शांतता त्या वेळी मिळते. चौविहाराचा असाही एक लाभ!

शब्दांचा प्रदेश

या जिल्ह्याच्या मानाने त्याने मराठीला दिलेले लेखक फार. वि. स. खांडेकर मूळचे सांगलीचे. १९२० साली ते शिरोड्याच्या शाळेत शिक्षक म्हणून आले आणि १९३८ पर्यंत तेथेच राहिले. 'उल्का' आणि 'दोन ध्रुव' या कादंबऱ्या त्याच काळातल्या. पुढे 'ययाति'साठी त्यांना मराठीतील पहिला ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. शिरोडे हे मिठागरांचे गाव. मे १९३० मध्ये येथे मिठाचा सत्याग्रह झाला आणि महाराष्ट्रभरातून सत्याग्रही आले. सत्य आणि अहिंसा हे शब्द आपण रोज उच्चारतो. त्यांची कसोटी लागलेली भूमी म्हणून ही मिठागरे मुलांना दाखवावीत.

शिरोड्याशेजारचे आरवली हे जयवंत दळवींचे गाव. 'सारे प्रवासी घडीचे'मध्ये त्यांनी कोकणातील माणसे, त्यांचा तिरकसपणा, दारिद्र्य आणि अभिमान यांसह उभी केली. त्यातील विनोदावर हसता हसता वाचक गंभीर होतो. मंगेश पाडगावकर वेंगुर्ल्याचे. चिं. त्र्यं. खानोलकर तथा आरती प्रभू यांचा जन्म मालवणजवळच्या तोंडवळीचा. कुडाळला खानावळ चालवीत त्यांनी कविता लिहिली. 'नक्षत्रांचे देणे' या संग्रहाला मिळालेला साहित्य अकादमी पुरस्कार पाहायला ते हयात नव्हते. १९७६ साली, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी ते गेले. खानावळीचा हिशेब जुळत नसताना असे शब्द लिहिणाऱ्या माणसाविषयी, ज्याचे हिशेब नेहमी जुळले अशा आपण सर्वांनी, थोडे थांबून विचार करावा.

ही परंपरा थांबलेली नाही. सावंतवाडीचे प्रवीण बांदेकर यांच्या 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या' या कादंबरीला २०२२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांची आधीची 'चाळेगत' ही बदलत्या कोकणाची कादंबरी आहे. जमिनी विकल्या जातात, नवा पैसा येतो आणि गावाची घडी विस्कटते, याचे चित्र तीत आहे. किनाऱ्यावर गुंतवणूक म्हणून जागा पाहणाऱ्यांनी व्यवहाराच्या आधी ती वाचावी. सातबाऱ्यावर जे दिसत नाही ते कादंबरीत दिसते.

गंजिफा, चित्रकथी आणि योग्य दाम

सावंतवाडीत मोती तलावासमोर राजवाडा आहे. तेथे गंजिफाचे काम पाहायला मिळते. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगाची बारा पाने, म्हणजे एकशे वीस पाने. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी पाने असतात. पाच रंगांत दहाचे पान मोठे, तर उरलेल्या पाचांत एक्का मोठा. दिवसा खेळ असेल तर रामाच्या राजाने सुरुवात, रात्री असेल तर कृष्णाच्या. विसाव्या शतकात ही कला जवळजवळ लोपली होती. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी वयोवृद्ध चिताऱ्याला गाठून स्वतः ती शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारागिरांना काम दिले, म्हणून ती आज दिसते. द्यूत हे सप्तव्यसनांपैकी एक आहे, हे खरे. पण पैज न लावता खेळलेला, स्मरणशक्तीला ताण देणारा हा खेळ त्या दोषात येऊ नये. आणि खेळायचा नसला तरी चित्र म्हणून तो संग्रही असावा.

त्याच शहरातील चितार आळीत लाकडी फळे, खेळणी आणि पाट मिळतात. येथे आपल्याला एक प्रश्न विचारावा लागेल. लाक्षावाणिज्य हे श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांपैकी आहे, आणि जुन्या पद्धतीच्या कामात लाख वापरली जाते. साध्या रंगात रंगवलेली खेळणीही असतात. विचारले की कारागीर सरळ सांगतो. कुडाळजवळच्या पिंगुळीलाही असाच विवेक हवा. तेथील ठाकर समाज चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि छायाबाहुल्या अशा तीन कला जपून आहे. छायाबाहुल्या कातड्याच्या असतात. चित्रकथी मात्र कागदावरची. रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे एकामागून एक दाखवीत, गात गात कथा सांगायची. अशा चित्रांच्या संचाला ते पोथीच म्हणतात. पर्युषणात कल्पसूत्राची सचित्र पाने आदराने उलगडली जाताना ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही रीत परकी वाटणार नाही. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचे रूपांतर संग्रहालयात केले. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

या कारागिरांपुढील खरा प्रश्न कौतुकाचा नाही, दामाचा आहे. गंजिफाचा एक संच पूर्ण करायला अनेक दिवस लागतात. गिऱ्हाईक मात्र छापील पत्त्यांच्या किमतीशी तुलना करते. आपल्या घरांत दागिन्याची मजुरी ग्रॅममागे देताना कोणी कुरकुर करीत नाही, कारण ती मजुरी आपल्याला कळते. तीच समज येथे दाखवायला काय हरकत आहे? अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत हीनाधिक मानोन्मान आणि प्रतिरूपक व्यवहार हे दोन सांगितले आहेत. म्हणजे मापात खोट आणि अस्सलाच्या नावाने नक्कल विकणे. यंत्रावर काढलेली खेळणी सावंतवाडीची म्हणून विकणे, रंग घातलेले पाणी कोकम सरबत म्हणून विकणे, परप्रांतीय आंबा देवगडच्या पेटीत भरणे, हे सारे प्रतिरूपक व्यवहारच. देवगडचा हापूस, वेंगुर्ल्याचा काजू, सिंधुदुर्ग-रत्नागिरीचे कोकम यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ते मानांकन म्हणजे कायद्याच्या भाषेत आलेले हेच व्रत. आपण या मालाचे खरेदीदारही आहोत आणि विक्रेतेही. शिवाय कारागिराला आगाऊ रक्कम देऊन मागणी नोंदवणे आपल्याला सहज शक्य आहे. लग्नातील भेटवस्तूंसाठी शंभर नगांची मागणी आपल्या एका घरातून निघते. पावसाळ्यापूर्वी अशी मागणी मिळाली तर चितार आळीतील एखाद्या घराचे चार महिने निर्धास्त जातात.

मासेमारांच्या किनाऱ्यावर अहिंसा

शेवटी सर्वांत अवघड गोष्ट. मालवणच्या किनाऱ्यावर सकाळी मासळीचा लिलाव होतो. तो पाहणे आपल्याला जमणार नाही, आणि पाहण्याची सक्तीही नाही. पण ज्यांच्या अंगणात आपण पाहुणे म्हणून उतरतो त्यांच्याविषयी मनात तुच्छता ठेवून फिरणे, हीही हिंसाच आहे. अनेकान्त केवळ प्रवचनात ऐकण्याचा विषय नाही.

या समाजाची बाजू समजून घ्यायची तर रापणीचा विचार करावा. गावातले लोक मिळून किनाऱ्यावरून जाळे ओढतात आणि मिळकत ओढणाऱ्यांत वाटून घेतात. असे पारंपरिक मच्छीमार गेली अनेक वर्षे पर्ससीन जाळ्यांविरुद्ध आणि प्रखर दिव्यांच्या मासेमारीविरुद्ध झगडत आहेत. त्यांचे म्हणणे असे, की ही साधने लहान-मोठे सारेच उपसून नेतात आणि उद्यासाठी काही उरत नाही. त्यांचा व्यवसाय आपल्याला मान्य होणार नाही. पण 'किती घ्यावे याला मर्यादा हवी' ही त्यांची मागणी परिग्रहपरिमाणाच्या किती जवळची आहे! मर्यादेसाठी रस्त्यावर उतरणारा कोळी आणि मर्यादा विसरलेला व्रतधारी, यांच्यात कोण अधिक जवळ, याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे.

वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणीला गेले तर याहून सुखद दृश्य दिसते. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची कासवी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि परत समुद्रात जाते. पूर्वी कोकणात ही अंडी खाण्यासाठी उकरून नेत. आता गावकरीच रात्री गस्त घालतात, घरटी सुरक्षित कुंपणात ठेवतात आणि सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले बाहेर आली की त्यांना समुद्रापर्यंत वाट मोकळी करून देतात. कायद्याचे संरक्षण आधीपासून होते. पण रात्री दोन वाजता वाळूवर उभा राहणारा माणूस कायद्याने मिळत नाही, तो मनाने मिळतो. यातले कितीतरी जण दिवसा मासेमारी करणारे. जीवदयेसाठी आपण पांजरपोळ बांधतो, कबुतरांना दाणे घालतो. येथे तळहाताएवढेही नसलेले पिल्लू लाटेपर्यंत पोहोचेपर्यंत सारा गाव श्वास रोखून उभा असतो. आपल्या मुलांनी हे पाहावे. दूर उभे राहावे, प्रकाशझोत टाकू नये, पिल्लू हातात घेऊ नये. आणि जीवदयेच्या खात्यातून काही रक्कम द्यायची असेल तर अशा गस्तीच्या दिव्यांसाठी, कुंपणासाठी द्यावी. ती वाया जाणार नाही.

नियोजन म्हणाल तर चार दिवस पुरेत. पहिला दिवस खारेपाटणचे दर्शन आणि विजयदुर्ग. दुसरा मालवण आणि सिंधुदुर्ग किल्ला. तिसरा वेंगुर्ला, वायंगणी, आरवली आणि शिरोडे. चौथा पिंगुळी आणि सावंतवाडी, आणि आंबोली-आजरा मार्गे परत. मुक्काम आधी ठरवावा, जेवणाची सूचना आधी द्यावी, आणि दळवी किंवा बांदेकर यांचे एखादे पुस्तक सोबत घ्यावे. खाखरे आणि दशम्यांचा डबा नेहमीप्रमाणे असूच द्यावा, त्याने धीर येतो. परतताना तो डबा बहुधा तसाच भरलेला असेल. त्यातील खाखरे यजमान काकींना द्यावेत आणि रिकाम्या डब्यात त्यांच्या अंगणात वाळलेली आमसुले भरून आणावीत.